लांब भिंगाचे स्तोम

विमानाचा फोटो काढायचा तर निदान 600 मिलिमीटरचे भिंग हवे, असा एक मंत्र हल्ली जिकडेतिकडे घोकला जातो. दुकानदार तो म्हणतात, हौशी मंडळी तो म्हणतात, आणि ज्यांनी उभ्या जन्मात विमानाचा एक धड फोटो काढलेला नाही, तेही तो छातीठोकपणे म्हणतात. माझे म्हणणे असे की, हा मंत्र बहुतेकांच्या बाबतीत साफ खोटा आहे. आणि ज्या थोड्यांच्या बाबतीत तो खरा आहे, त्यांना तो कोणी शिकवावा लागत नाही. दिवाळीत घरोघर खरेदीचे बेत शिजत असतात, म्हणून हे भांडण मी मुद्दाम आजच उकरून काढतो.

मी नवापूरचा. आमच्या गावाला विमानतळ नाही. आहे ते रेल्वे स्टेशन, आणि तेही एका राज्याच्या वाट्याला पुरते आलेले नाही. 1960 साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, ती सीमा आमच्या फलाटावरून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत! फलाटावरच्या एका बाकावर दोघे शेजारी बसले, तर एक या राज्यात आणि दुसरा त्या राज्यात. त्या बाकाचे फोटो काढायला लोक गाडीतून उतरतात. विमाने मात्र आमच्याकडे उतरत नाहीत. ती डोक्यावरून जातात, फार उंचावरून.

तरीही आमच्या आळीत विमानांचे वेड घेतलेला एक मुलगा आहे. वय सतरा. आवाजावरून आणि पंखांच्या ठेवणीवरून तो विमानाची जात सांगतो. मामाने दिलेला एक जुना कॅमेरा त्याच्यापाशी आहे. त्याची आई शिवणकाम करते. पोराला तंत्रनिकेतनात घालायचे म्हणून तिने काही रक्कम बाजूला टाकली आहे. मध्यंतरी हा एका मोठ्या शहरातल्या दुकानात भिंगाची चौकशी करायला गेला. दुकानदाराने त्याला सांगितले, "विमानं? मग सहाशेच्या खाली बोलूच नका!" आणि वर चोवीस हप्त्यांचा तक्ताही हातावर ठेवला. सांगितलेली किंमत लाखाच्या घरातली. स्वारी माझ्याकडे आली ती त्या तक्त्यासकट.

"काका, सहाशेशिवाय गत्यंतर नाही म्हणतात."

"कोण म्हणतं रे?"

"सगळेच."

या 'सगळेच'शी माझे भांडण आहे. हप्त्यांच्या तक्त्यापलीकडचा हिशेब त्यांच्यापैकी एकानेही त्या मुलाला करून दाखवला नाही. हिशेब तर शाळकरी आहे. विमानाच्या लांबीला भिंगाच्या नाभीय अंतराने गुणावे आणि विमान जितके दूर असेल त्या अंतराने भागावे. कॅमेऱ्याच्या आत विमानाचे चित्र केवढे पडेल ते निघते. मोठ्या कॅमेऱ्याची चौकट 36 मिलिमीटर रुंद आणि 24 मिलिमीटर उंच असते. आपल्याकडे सर्रास दिसणारे एअरबस ए-320 हे विमान 37.57 मीटर लांब.

आता ते आमच्या नवापूरच्या बरोबर माथ्यावर, 35,000 फुटांवर आहे असे समजा. म्हणजे सुमारे 10.7 किलोमीटर. 300 च्या भिंगातून त्याचे चित्र 1 मिलिमीटरचे पडते, 600 च्या भिंगातून 2 मिलिमीटरचे. 36 पैकी 2! कापून आणि फुगवून त्यातून विमान ओळखू येते, हे मी नाकारीत नाही. पण विमान माथ्यावरून जरा कलले की अंतर वाढते आणि मधली हवाही वाढते. धूळ, बाष्प आणि तापलेल्या हवेचा थरथराट भिंग वेगळा काढीत नाही. विमानाबरोबर त्यालाही तितकेच मोठे करते. लाख रुपये मोजून हवेची थरथर मोठी करून घ्यायची, याला हौस म्हणावे की दंड?

आता दुसरी जागा घेऊ. मुंबईत जरीमरीच्या वस्तीवरून विमाने इतकी खाली येतात की, लहान पोरांनाही खिडक्या मोजता याव्यात. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने येते. जिथे चाके टेकायची तिथून एक किलोमीटर अलीकडे ते जमिनीपासून अवघे 52 मीटर उंच असते. त्याच्या खाली उभे राहून 50 मिलिमीटरचे साधे भिंग लावले, तर विमान नाकापासून शेपटापर्यंत चौकटभर होते, आणि पंख तर कापलेच जातात! तिथे 28 चे भिंग लागते. बाजूने, अडीचशे मीटरांवरून पाहिले तर 200 चे भिंग 36 पैकी 30 मिलिमीटर भरून टाकते. 600 वाल्याला तिथे विमानाचा एखादा तुकडा तेवढा मिळेल. म्हणजे भिंग ठरवते कोण? तुमची उभे राहण्याची जागा.

तिसरी जागा आमच्या खानदेशातली. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरलाही आहे. तिथे शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने उडतात. ही पंख्याची विमाने. त्यांचा पंखा मिनिटाला 2,400 फेऱ्या घेतो असे धरले, तर सेकंदाला 40 झाल्या. फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात घेतला, तर तेवढ्यात पंखा फक्त 14 अंश फिरतो. चित्रात तो थिजलेला दिसतो, जणू यंत्र बंद पडून विमान कोसळण्याच्या बेतात आहे! पंखा फिरता दिसायला हवा तर सेकंदाचा सव्वाशेवा भाग द्यावा लागतो. तेवढ्यात तो 115 अंश फिरतो. पण भिंग जितके लांब तितका हाताचा कंप जास्त दिसतो. 600 चे भिंग हातात धरून सव्वाशेव्या भागात स्थिर चित्र काढणे हे भल्याभल्यांना साधत नाही. 200 चे भिंग धरून सरावाने साधते. म्हणजे जे विमान आमच्या मुलाला खरोखर जवळून बघायला मिळणार, त्यालाच हे लांब भिंग गैरसोयीचे!

यावर प्रतिपक्ष म्हणेल, "आणि लढाऊ विमाने?" बरोबर आहे. नाशिकच्या कारखान्यात बांधलेले तेजस एमके-1ए हे विमान 17 ऑक्टोबर 2025 रोजी पहिल्यांदा उडाले. ते सुमारे 13 मीटरांचे. असे विमान कसरतींच्या कार्यक्रमात अर्ध्या किलोमीटरवरून वेगाने जाते, तेव्हा 400 किंवा 600 चे भिंग हवेच. पण असे कार्यक्रम वर्षातून किती? मुंबई-पुण्यात लांब भिंगे दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन दिवसांच्या वरातीसाठी कोणी घोडा विकत घेऊन दारात बांधीत नाही.

या वादात दोन तट आहेत आणि मला दोन्ही अमान्य आहेत. एक म्हणतो, करायचे तर भारी सामानानेच करावे. दुसरा म्हणतो, ऐपत नसेल त्याने अशा हौशीच्या वाटेला जाऊच नये. वरवर हे एकमेकांचे वैरी दिसतात, पण दोघांचाही समज एकच की, विमाने पाहण्याचा हक्क पैशाबरोबर येतो. नामांकित कंपन्यांच्या 600 च्या सर्वांत भारी भिंगाला दहा लाखांहून जास्त रुपये पडतात आणि ते तीन किलोंच्या आसपास भरते. ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावे. मात्र ते नाही म्हणून सतरा वर्षांच्या मुलाने आपली नजर फुकट समजावी, किंवा त्यासाठी आईने बाजूला टाकलेली फी मोडावी, हे मी तरी मुकाट्याने ऐकून घेणार नाही.

त्याला माझा सल्ला सरळ आहे. वापरलेले, तपासून घेतलेले 70 ते 300 चे भिंग घे. तुझ्या कॅमेऱ्याची चौकट लहान, म्हणून त्यावर 300 चे भिंग 450 सारखे वागते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी फोटो काढ. धावपट्टीवर किंवा कुंपणाशी जाण्याआधी लेखी परवानगी घे. विमानतळावरील छायाचित्रणाला 1937 च्या विमान नियमांपासून बंधने आहेत, आणि ओझरसारख्या लष्करी ठिकाणी तर हूडपणा नकोच. आणि हिवाळ्यात एखाद्या दिवशी विमानामागे पांढरा पट्टा उमटेल, तेव्हा कॅमेऱ्याबरोबर आलेले साधे 18 ते 55 चे भिंग लावून आपल्या स्टेशनात जा. खाली दोन राज्यांत वाटलेला बाक आणि वर दोन्ही राज्यांवरून एकसंध गेलेला पट्टा, असे चित्र नवापूरलाच मिळेल. 600 च्या भिंगात ते मावणारही नाही.

आईबापांनाही एक विनंती. भिंग विकत घेण्याआधी दुकानदाराला किंमत विचारू नका. तो तुमच्या मुलाला काय विचारतो तेवढे ऐका. "कुठे उभा राहणार? विमान किती लांब असेल? पंख्याचे की जेटचे?" हे तीन प्रश्न आधी विचारून मग कपाट उघडणारा दुकानदार कोणाला भेटला, तर त्याचा पत्ता मला जरूर कळवा. त्याची जाहिरात मी साऱ्या नवापुरात फुकट करीन, फलाटाच्या दोन्ही टोकांना!