मुशीची बदनामी

गेल्या मे महिन्यात माझा दहा वर्षांचा भाचा पुण्याहून रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी आला. एरवी गाडीतून उतरला की पिशवी ओसरीवर टाकून थेट किनाऱ्याकडे धावणारा मुलगा. यंदा घोटाभर पाण्यातही उतरेना. विचारले तर म्हणाला, “खाला, बसपेक्षा मोठा शार्क अजून जिवंत आहे. टीव्हीवर शास्त्रज्ञांनीच सांगितलं.”

माझे थोरले भाऊ चाळीस वर्षे होडीवर आहेत. ते हसून म्हणाले, “अरे, काल दुपारी कालवण कसलं खाल्लंस? मुशीचं. मुशी म्हणजे शार्कच की!” पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्याने नेमके काय पाहिले ते त्याला आठवेना. पण या प्रकारातले एक प्रकरण जगभर गाजलेले आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये डिस्कव्हरी वाहिनीने आपल्या ‘शार्क वीक’ची सुरुवात मेगॅलोडॉनवरच्या कार्यक्रमाने केली. मेगॅलोडॉन हा खरोखर होऊन गेलेला प्रचंड शार्क. तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. कार्यक्रमात मात्र तो जिवंत असावा असे भासवले होते. केपटाऊनजवळ बुडालेली होडी, शोधाला निघालेले सागरशास्त्रज्ञ, महायुद्धातल्या पाणबुडीजवळ अवाढव्य मासा दाखवणारे जुने छायाचित्र, सगळे होते. होडीची गोष्ट रचलेली, छायाचित्र बनावट आणि शास्त्रज्ञ म्हणजे नट. काही घटना आणि पात्रे नाट्यरूपात आहेत, एवढी सूचना शेवटी क्षणभर चमकून गेली. सुमारे ४८ लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. शास्त्रज्ञांनी आणि प्रेक्षकांनी टीकेची झोड उठवली, तरी पुढच्या वर्षी त्याच धाटणीचे कार्यक्रम पुन्हा आले. २०१५ मध्ये नव्या प्रमुखांनी असले प्रकार बंद करू असे सांगितले, तेव्हा कुठे थांबले.

मला यापेक्षा जास्त लागली ती त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एक तरुण संशोधक खऱ्याखुऱ्या शार्कचा अभ्यास करत होता. चित्रीकरणासाठी आलेल्या मंडळींनी त्याच्याशी तासन्‌तास बोलून घेतले. पडद्यावर मात्र त्याची उत्तरे अशी जोडली की, तो एका दंतकथेतल्या राक्षसी शार्कच्या मागावर आहे असे वाटावे. त्याच्या तोंडचे शब्द त्याचेच होते, प्रश्न बदलले होते.

आपल्यापैकी पुष्कळांना ही कारागिरी अनोळखी नाही. आपल्या मोहल्ल्यावरचा एखादा ‘खास रिपोर्ट’ आठवा. सुरुवात मिनारापासून, मग अरुंद गल्ली, खाली घुमणारे भीतीचे संगीत, आणि अर्धा तास बोललेल्या माणसाचे एकच अर्धे वाक्य. तेव्हा आपण चिडतो, आणि चिडायलाच हवे. पण समुद्रातल्या मुक्या जिवावर तोच प्रयोग झाला की, आपण जेवता जेवता मजेत बघतो. मीही बघितला आहे.

शार्कच्या हल्ल्यात जगभरात वर्षाला सरासरी दहाहून कमी माणसे दगावतात. माणसांच्या हातून मरणारे शार्क मात्र वर्षाला सुमारे दहा कोटी, असा २०१३ चा अंदाज आहे. (आमच्या ताटातली मुशीही त्यात आली, हे कबूल करते.) ज्याची धास्तीच मनात बसली, तो वाचावा असे कुणाला वाटेल? २०२२ मध्ये काही संशोधकांनी ‘शार्क वीक’चे २०० हून अधिक भाग तपासले, तेव्हा भीतीचा मारा भरपूर आणि संरक्षणाविषयी उपयोगी माहिती फार थोडी, असेच आढळले.

माहितीपट म्हटला की असेच असते, असे मात्र नाही. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कच्या शिकारीवर माहितीपट केला, ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’. हा जगातला सर्वांत मोठा मासा, अंगभर पांढरे ठिपके, आणि खातो काय तर बारीक प्लवक. त्याच्या काळजाचे तेल होड्यांना लावायचे, मांस परदेशी जायचे. त्या माहितीपटातही रक्त आहे, पण ते प्रत्यक्ष सांडलेले रक्त आहे. त्यानंतर मे २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली आणि त्याची शिकार बंद झाली.

आता आपल्या राज्यात असा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि कोळ्याने जाळे कापून सोडून दिला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ मात्र लागतो. भाऊंच्या मोबाइलमध्ये असा एक व्हिडिओ आहे. मगरिबनंतर त्यांनी तो भाच्याला दाखवला. जेमतेम मिनिटभराचा. हलणारी होडी, सुरी धरलेला कुणाचा तरी हात, पाण्यात ठिपक्यांची मोठी पाठ, आणि मग नुसते पाणी.

पोराने तो चार वेळा पाहिला. “मामू, याला म्युझिक का नाही?”

“इंजिनाचा आवाज येतोय की,” भाऊ म्हणाले.