गुरगुरण्यामागचे दुखणे

प्राण्यांच्या कोणत्याही निवारा केंद्रात गेले, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. पिल्लांना घर मिळायला फारसा वेळ लागत नाही. आठ-नऊ वर्षे उलटलेला, तोंडावरचे केस पांढरे झालेला कुत्रा मात्र महिनोन् महिने तिथेच राहतो. त्यातले काही रस्त्यावर अपघातात सापडलेले असतात. काहींचे वृद्ध मालक वारलेले असतात, तर काहींना घरच्यांची बदली झाली, परदेशी जायचे ठरले म्हणून सोडून दिलेले असते. वर्षानुवर्षे पिल्लांसाठी वापरून, वय झाल्यावर रस्त्यावर आणून सोडलेल्या जातिवंत माद्याही त्यात असतात. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्या रकमेचा धाक कोणाला बसणार?

अशा म्हाताऱ्या कुत्र्याला घरी आणणारी कुटुंबे थोडी असली, तरी आहेत. त्यांची खरी कसोटी घरी आणल्यानंतर सुरू होते. पहिले काही दिवस कुत्रा कोपऱ्यात गप्प पडून राहतो आणि घरचे ‘किती शहाणा आहे’ म्हणून कौतुक करतात. मग एक दिवस तो अंगावरून हात फिरवणाऱ्या मुलावर गुरगुरतो. रात्री दोन वाजता भुंकत सुटतो. हॉलमध्ये लघवी करतो. शेजारी तक्रार करतात, घरात वाद होतात आणि संस्थेला फोन जातो, ‘याचा स्वभाव चांगला नाही, परत घेऊन जा.’ कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण अशा वेळी कोणीतरी हमखास ऐकवतो.

वय झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत ‘स्वभाव’ हा शब्द सर्वांत शेवटी वापरायला हवा. त्याआधी विचारायचा प्रश्न आहे, त्याला कुठे दुखते आहे का? हा प्रश्न भूतदयेपोटी नव्हे, तर वैद्यकीय गरज म्हणून विचारायचा आहे.

इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये या विषयाचा आढावा घेतला. वागणुकीच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी अगदी सावध अंदाजानेही सुमारे एक तृतीयांश प्राण्यांना काही ना काही वेदनादायक व्याधी होती. काही तज्ज्ञांकडच्या नोंदींत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ जाते. वागणूक सुधारण्याचे उपाय फसल्यावर मग वेदनेचा विचार करायचा, हा क्रम उलटा आहे. वेदनेची शंका असेल तर आधी तिच्यावर उपचार करावेत, असा त्यांचा सल्ला आहे.

त्याआधी, २०१८ मध्ये, मोठ्या आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या कुत्र्यांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते. या कुत्र्यांमध्ये आवाजाची भीती इतरांपेक्षा सरासरी जवळपास चार वर्षे उशिरा सुरू झाली होती. आवाजाने दचकले की अंग आखडते, दुखऱ्या सांध्यात कळ येते आणि मेंदू आवाज आणि कळ यांची सांगड घालतो, अशी त्यामागची कल्पना आहे. अभ्यास लहान असला, तरी आपल्याकडे दिवाळीच्या आधी तो आठवावा असा आहे. इतकी वर्षे फटाक्यांकडे दुर्लक्ष करणारा कुत्रा दहाव्या वर्षी अचानक पलंगाखाली लपू लागला, तर त्याची कंबर आणि गुडघे तपासून घ्यायला हवेत.

कुत्रा आपले दुखणे क्वचितच ओरडून सांगतो. ते वागण्यातून दिसते. जिना चढताना थांबणे, बसताना एक पाय बाजूला टाकणे, उचलून घेताना दात दाखवणे ही संधिवाताची लक्षणे असू शकतात. कडक पोळी सोडून देणे, तोंडाजवळ हात नेताच मान फिरवणे, तोंडाला दुर्गंधी येणे म्हणजे दात आणि हिरड्यांचा आजार असण्याची शक्यता मोठी. मागून हाक मारली तर न येणारा आणि हात लावताच उसळणारा कुत्रा हट्टी नसून बहिरा झालेला असू शकतो. घरात लघवी करणाऱ्या कुत्र्याला मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा संप्रेरकांचा बिघाड असू शकतो. तो किती पाणी पितो याकडे लक्ष ठेवले, तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. नसबंदी झालेल्या वयस्क मादीला झोपेत नकळत लघवी होते, त्यावर औषध आहे. त्यासाठी तिला रागावणे म्हणजे दम्याच्या रुग्णाला खोकल्याबद्दल रागावण्यासारखे आहे.

म्हणून कुत्रा घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रशिक्षकाला बोलावण्याआधी पशुवैद्य गाठावा. रक्ताची पूर्ण तपासणी, मूत्रपिंड आणि यकृताचे कार्य, साखर, लघवीची तपासणी, दात, डोळे, कान, सांधे यांची पाहणी होणे आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या हवेत गोचिडांचा सुकाळ असतो. त्यांच्यामार्फत पसरणारे एर्लिकिया आणि बबेसियाचे संसर्ग कुत्र्याला मलूल, चिडके आणि अशक्त करतात. त्यांची चाचणी वेगळी सांगून करून घ्यावी. लसीकरणाचा कागद नसेल, तर रेबीजची लस द्यावी. आणि घरच्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. माणसांसाठीच्या आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने देणे धोक्याचे आहे. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके वेगळी असतात आणि तीही रक्ततपासणीनंतरच सुरू करायची असतात. कांदा-लसणाची फोडणी दिलेले उरलेले जेवण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेही त्याच्यासाठी विषच.

दुखणे सापडले नाही, तर मेंदूचा विचार करावा लागतो. माणसांमधल्या अल्झायमरशी साधर्म्य असलेला स्मृतिभ्रंश कुत्र्यांनाही होतो. ओळखीच्या खोलीत कोपऱ्यात अडकून उभे राहणे, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन थांबणे, दिवसा झोपणे आणि रात्री येरझारा घालणे, घरच्यांशी तुटकपणे वागणे, शी-लघवीची सवय विसरणे ही त्याची लक्षणे. २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांमध्ये अशा बदलांची किमान एक खूण आढळली होती. आजार पूर्ण बरा होत नाही. पण औषधे, ठरलेला दिनक्रम, रात्री मंद दिवा आणि दिवसा थोडे हिंडणे-हुंगणे यांनी कुत्र्याच्या आणि घराच्या रात्री सुसह्य होतात.

उपचारांइतकेच महत्त्व घराच्या मांडणीला आहे. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरश्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या शत्रू आहेत. पाय घसरण्याच्या भीतीने तो उठायचेच टाळतो आणि मग लघवी जागेवरच होते. त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंजी किंवा न सरकणाऱ्या चटया अंथरल्या, तर अर्धी तक्रार औषधाविना मिटते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर झोपू न देता जाड गादी द्यावी. लघवीसाठी तरुण कुत्र्यापेक्षा जास्त वेळा बाहेर न्यावे, पण फेरी छोटी ठेवावी. आंधळ्या कुत्र्याच्या घरातले सामान हलवू नये. बहिऱ्याजवळ समोरून जावे, झोपेत असेल तर आधी जमिनीवर हलकेच पाय आपटावा.

पहिल्या दिवसांतल्या शांततेचाही अर्थ समजून घ्यायला हवा. निवारा केंद्रात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात ताणाशी संबंधित कॉर्टिसॉलचे प्रमाण सुरुवातीच्या दिवसांत बरेच वाढलेले असते, हे मोजून दाखवले गेले आहे. घर बदलणे हाही तसाच धक्का. कोपऱ्यात गप्प पडलेला कुत्रा बहुधा शहाणा नसतो, गोठलेला असतो. तीन दिवस बावरलेपण जायला, तीन आठवडे दिनक्रम कळायला आणि तीन महिने घर आपले वाटायला, असे एक ढोबळ गणित प्राणीप्रेमी सांगतात. ते संशोधनातून आलेले नाही, पण घाई करू नका हा त्यातला सल्ला योग्य आहे. म्हणून नातेवाइकांना बोलावून नव्या पाहुण्याचे दर्शन घडवणे, पहिल्याच दिवशी आंघोळ घालणे, मुलांना त्याला मिठी मारू देणे हे सगळे पुढे ढकलावे. एक कोपरा त्याचा, तिथे त्याला कोणी हात लावणार नाही, हा नियम घरातल्या सर्वांत लहान मुलालाही पाठ असावा.

गुरगुरण्याबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. ‘एकदा धाक दाखवा, म्हणजे सरळ होईल’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये तज्ज्ञांकडे आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी वापरलेल्या उपायांविषयी विचारले. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांना उलट आक्रमक प्रतिसाद मिळाला होता. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना आहे. मार खाऊन तो सूचना द्यायचे थांबवतो, त्याचे दुखणे मात्र थांबत नाही. मग तो न गुरगुरता थेट चावतो आणि घरचे म्हणतात, ‘काहीच कारण नव्हते.’

तरीही चावा लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांकडे जाऊन रेबीज प्रतिबंधक लस सुरू करावी. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून थांबू नये. लसीकरणाचा पत्ता नसलेल्या कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलले, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर त्याला न हाताळता लगेच पशुवैद्याला कळवावे. दुखण्याची शंका घेणे म्हणजे धोक्याकडे डोळेझाक करणे नव्हे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. तपासण्या आणि औषधांचा खर्च मोठा आहे, आणि ज्या कुत्र्याची थोडीच वर्षे उरली आहेत त्याच्यासाठी तो का करायचा? खर्च खरा आहे आणि तो नाकारून कोणाचेच भले होत नाही. म्हणूनच हा भार एकट्या कुटुंबावर टाकू नये. संस्थांनी वयस्क कुत्रा देण्याआधी त्याची मूलभूत तपासणी करावी, माहीत असलेले आजार आणि सवयी कागदावर लिहून द्याव्यात आणि पहिले तीन महिने फोनवर चौकशी करत राहावे. ‘अगदी गरीब आहे हो’ म्हणून गळ्यात घातलेला कुत्रा बहुतेक वेळा परत येतो आणि प्रत्येक परतीबरोबर त्याला घर मिळणे आणखी कठीण होते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत तुलनेने कमी खर्चात उपचार होतात, ही माहितीही त्या कागदावर हवी.

कुटुंबांनीही स्वतःशी प्रामाणिक राहावे. रांगते मूल असलेल्या घरात, किंवा दिवसभर कोणीच नसलेल्या घरात चावऱ्या, आजारी कुत्र्याला आणणे हा चांगुलपणा नव्हे. सगळे उपाय करूनही काही कुत्र्यांची भीती जात नाही. त्यांना शांत, मुले नसलेले दुसरे घर शोधून देणे हा पराभव मानू नये. आणि उपचारांनी वेदना आटोक्यात येईनाशी झाली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तिचा शांत शेवट करणे, हेही पालकत्वच आहे.

म्हातारा कुत्रा रुळला म्हणजे तो चेंडूमागे धावू लागला, असे नाही. तो पोटभर जेवतो, रात्री झोपतो, उठताना कण्हत नाही आणि कोणी जवळ आले तर अंग चोरत नाही, एवढे झाले तरी तो रुळला. शेपूट वाकडे आहे म्हणून त्याला परत पाठवण्याआधी, पाठीचा मणका दुखतो का, एवढे तरी पाहून घ्यावे.