जरा ॲडजस्ट कर ना!

हॉस्टेलवर बॅग ठेवली आणि कानावर पहिला शब्द पडला, ‘ॲडजस्ट’. तिघांच्या खोलीत चौथी कॉट? ॲडजस्ट कर. मोहोपाड्याच्या बाजारातून येताना रिक्षात आणखी एक? “दादा, जरा ॲडजस्ट करा.” कर्जत लोकलमधली चौथी सीट तर याच क्रियापदावर उभी आहे (म्हणजे अर्धी बसलेली!).

परवा लायब्ररीत सहज जाडजूड डिक्शनरी उघडली. मला वाटायचं, यात ‘जस्ट’ आहे, म्हणजे न्याय्य, योग्य असं काहीतरी मूळ असणार. साफ चूक! मूळ लॅटिन ‘युक्स्टा’, म्हणजे शेजारी. ॲडजस्ट करणं म्हणजे जवळ आणणं. वाटेत लोकांना माझ्यासारखंच त्यात ‘जस्ट’ ऐकू आलं आणि ‘बरोबर करणं’ हा अर्थ पक्का झाला. घोड्यावरून भाले रोखून एकमेकांवर धावून जायचं ते ‘जाउस्ट’, तेही याच मुळाचं. आणि आपल्याकडे याच कुळातला संस्कृत धातू ‘युज्’. त्यातून योग आला आणि बैलाच्या मानेवरचं जूसुद्धा!

खोलीतलं ॲडजस्ट मला मान्य आहे. भांडण आहे ते लॅबमधल्या ॲडजस्टशी. फर्स्ट इयरला टॉर्शनल पेंडुलमचा प्रयोग होता. स्टीलच्या तारेचा रिजिडिटी मोड्युलस पुस्तकात साधारण ८० गिगापास्कल, आमचा आला ६८. पार्टनर म्हणाला, “ॲडजस्ट करू रे.” आम्ही दोलनांचा वेळ थोडा कमी लिहिला, ७९ आणलं, जर्नलवर सही मिळाली. दोघंही खूश.

नंतर कळलं, चूक मायक्रोमीटरची होती. जबडे मिटले तरी ०.०२ मिमी दाखवायचा. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला ही चूक ४ टक्के, पण सूत्रात त्रिज्येचा चौथा घात! उत्तर १५ टक्के खाली. म्हणजे वेळ आम्ही अगदी बरोबर मोजला होता, आणि खोडला नेमका तोच. आमच्यानंतरच्या बॅचनेही तोच मायक्रोमीटर वापरला असणार आणि आपापल्या परीने ७९ आणलं असणार.

उत्तर पुस्तकाच्या शेजारी नेऊन बसवलं, एवढंच. सरांनो, ६८ लिहून आणणाऱ्याला ‘रिपीट’ न म्हणता “का आलं?” असं एकदा विचारून बघा ना.

मायक्रोमीटरच्या डब्यात एक छोटासा पाना असतो. शून्य ॲडजस्ट करायला. आमच्या डब्यातला कुणी वापरलेलाच नव्हता.