टपालाचं विमान

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन गोव्याला गेलो होतो. समुद्र झाला, देवळं झाली, मग बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय पाहिलं. तिथे उघड्यावर चार पंख्यांचं एक लांबलचक विमान उभं आहे. सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियात असताना त्याचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी! 1960 मध्ये बोईंग 707 जेट आलं आणि ही राणी मागे पडली. आधी हवाई दलात गेली, 1976 मध्ये नौदलात आली आणि समुद्रावर टेहळणी करत 1980 च्या दशकापर्यंत उडत राहिली.

नातवाने विचारलं, "आजोबा, तुमच्या गावावरून जायचं ते विमान हेच का?"

"नाही रे बाबा."

"मग ते कुठाय?"

या प्रश्नाचं उत्तर देताना मी जरा अडखळलो, म्हणून हे लिहायला बसलो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही साखरखेर्ड्याला उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपायचो. पहिली झोप लागायच्या सुमारास आभाळातून घुमणारा आवाज यायचा. आबा म्हणायचे, "टपालाचं विमान चाललं, झोपा आता." पुढे शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते नागपूर रेघ ओढली, तर ती थेट आमच्या गावाजवळून गेली! तेव्हा कळलं, आबा उगाच बोलत नव्हते.

ही रात्रीची हवाई टपालसेवा जानेवारी 1949 मध्ये सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जमायची. तिथे थैल्यांची (आणि प्रवाशांचीही) अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून देशातली पत्रं जादा पैसे न घेता विमानाने नेण्याची योजना आली. म्हणजे ज्याने जन्मात विमानात पाय ठेवला नाही, त्याचंही पत्र उडू लागलं. आमचे थोरले काका कलकत्त्याला होते. त्यांचं पत्र नागपूरपर्यंत विमानाने यायचं, पुढे रेल्वेने आणि शेवटी एसटीने. आबांचा हात विमानाला कधी लागला नाही, पण विमान त्यांचं होतं.

सुरुवातीला या कामाला मुख्यतः डाकोटा होते. युद्धासाठी अशी विमानं हजारोंनी बनली. युद्ध संपल्यावर इथे उरलेली स्वस्तात विकली गेली आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांतली कित्येक प्रवासी विमानं झाली. नवनव्या कंपन्या त्यांच्यावरच उभ्या राहिल्या आणि 1953 मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स झाली. पुढे स्कायमास्टर आले, व्हायकाउंट आले.

ते दिवस फार गोड होते असं मला म्हणायचं नाही. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री नागपूरहून उडाल्यावर लगेच एक डाकोटा कोसळला आणि 13 माणसं गेली. आपल्या पत्रांसाठी कुणीतरी रोज रात्री जीव धोक्यात घालत होतं, हे आम्हाला अंगणात पडल्या पडल्या कुठे ठाऊक होतं!

1973 मध्ये नागपूरचा हा मध्यरात्रीचा बाजार उठला. तोवर जेटचा जमाना आला होता. जुन्या डाकोटांचं काय झालं? बरेचसे भंगारात गेले. शेवटी ॲल्युमिनियमच ते, वितळवलं की संपलं. युद्धातल्या डाकोटाचं नशीब थोडं बरं. 1947 मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या विमानांच्या आठवणीत 2018 साली एक डाकोटा दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिला गेला, नाव 'परशुराम'. आनंदच आहे. पण बघा ना, राणी जपली, योद्धा जपला आणि पोस्टमन मात्र भंगारात गेला. आपल्याला मोठेपणा लगेच ओळखता येतो, पण रोज रात्री न चुकता केलेलं काम तेवढं दिसत नाही.

मला वाटतं, नागपूरच्या विमानतळावर या सेवेसाठी एक भिंत असावी. अख्खं विमान नको, त्याला खर्च फार. चार शहरांचा नकाशा, टपालाची एक थैली, दोन-चार फोटो आणि नागपूरच का निवडलं, ते सांगणाऱ्या चार ओळी. तिथे विमानाची वाट पाहत बसलेल्या पोरांना कळेल की त्यांच्या गावाने एकेकाळी रोज रात्री सगळ्या देशाची पत्रं वाटली.

अर्थात दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याआधी आपलंही सांगायला हवं. घर पाडलं तेव्हा आबांची पत्रांची ट्रंक आम्हीच रद्दीत दिली. काकांची सगळी पत्रं त्यात होती. किलोवर गेली. तेव्हा वाटलं, जुने कागद, कोण वाचणार?

म्हणून नातेवाईक मंडळींना एक विनंती. कुणाच्या माळ्यावर काकांचं एखादं पत्र अजून असेल तर फेकू नका, मला कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. नातवाला दाखवायला आपल्याकडे तेवढंच उरलंय.