गुलाबी थंडी आणि गुलाबाची थंडी

डिसेंबर लागला की मराठी वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग न चुकता उगवतो : गुलाबी थंडी. सहलींच्या जाहिराती, हुरड्याची आमंत्रणे, महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांची वृत्ते, सगळीकडे तीच. विद्यार्थ्यांच्या निबंधांत हा शब्दप्रयोग आला की आम्हीही आजवर कौतुकाने त्याखाली रेघ ओढत आलो. मंचरसारख्या गावी राहून खरे तर आम्हाला हे आधीच खटकायला हवे होते. इथे जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो, घोड नदीच्या काठाने पहाटे चालले तर कानशिले बधिर होतात, आणि तिकडे जुन्नरच्या बाजूला द्राक्षबागाईतदार मणी तडकू नयेत म्हणून रात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतात. या थंडीला गुलाबी कोण म्हणते, असा प्रश्न आम्हाला पडला तो एका गुलाबवाल्यामुळे. त्याच्याविषयी पुढे. आधी गुलाबाचे आणि थंडीचे नाते कसे असते ते पाहू, कारण साहित्याच्या वर्गात ते कोणी सांगत नाही.

मंचरहून चाकणमार्गे तळेगाव दाभाड्याला गेले की मावळात पॉलिहाऊसची पांढुरकी छपरे दिसू लागतात. औद्योगिक विकास महामंडळाने तिथे फुलशेतीसाठी स्वतंत्र उद्यान वसवले, आणि पवना धरणाच्या परिसरातल्या लहान शेतकऱ्यांनीही दहा-वीस गुंठ्यांवर प्लास्टिकचे छत उभारून गुलाब लावला. आमच्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यातही अशी छपरे अधूनमधून आहेत. या सगळ्यांचे वर्ष एका तारखेभोवती फिरते. १४ फेब्रुवारीला जगभरच्या प्रेमिकांच्या हाती लाल गुलाब पोचायचा, तर परदेशी जाणारा माल जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांत बागेबाहेर पडायला हवा. छाटणीपासून फूल हाती येईपर्यंत साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. म्हणून डिसेंबरच्या पूर्वार्धात फांद्या छाटायच्या किंवा वाकवायच्या, आणि मग आकाशाकडे पाहत बसायचे.

कारण हे दिवस मोजणारा माणूस असला तरी ते वाढवणारी थंडी आहे. गुलाबाला रात्री पंधरा-सोळा अंशांच्या आसपासचे हवामान मानवते. पारा त्याखाली बराच उतरला आणि तिथेच राहिला की कळी हटून बसते, आणि पंचेचाळीसचे पंचावन्न दिवस होतात. काही फुटव्यांना कळीच येत नाही. लाल जातींच्या पाकळ्यांच्या कडा काळवंडतात. गारठ्याला दमटपणाची जोड मिळाली की पानांवर भुरी येते, डाऊनी येतो. हॉलंडमधला बागवान काचघरात वायू जाळून ऊब देतो आणि दिवे लावून दिवस लांबवतो. केनिया विषुववृत्तावरच आहे, त्यामुळे तिथल्या उंच पठारावर हिवाळा म्हणून वेगळा ऋतू येत नाही. मावळातल्या शेतकऱ्याच्या हाती मात्र संध्याकाळी पडदे सोडणे आणि सकाळी ऊन चढल्यावर ते गुंडाळणे एवढेच असते. उशिरा उमललेला गुलाब १६ फेब्रुवारीला तितकाच सुंदर दिसतो, पण त्याला कोणी विचारत नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. ज्या थंडीपासून दीड महिना फुलाला जपले, त्याच थंडीत ते कापल्याबरोबर नेऊन ठेवायचे. दोन ते चार अंश तापमानाची शीतखोली, मग शीतपेटीची गाडी, मग विमान. झाडावर असताना थंडी वैरीण, आणि दांडी कापली की तीच सखी. कळी उमलू नये म्हणून तिच्या डोक्यावर जाळीदार टोपी चढवलेली असतेच. प्रेमाचे प्रतीक म्हणून ज्या फुलाचा जयघोष होतो, त्याला नेमक्या दिवसापर्यंत उमलण्यापासून रोखून धरण्यात सगळे कसब आहे. एखाद्या कवीला हे कळले असते तर त्याने यावर पाच-पन्नास ओळी सहज लिहिल्या असत्या. आमच्या माहितीत तरी कोणी लिहिल्या नाहीत.

का लिहिल्या नाहीत, हा आमचा खरा मुद्दा.

गुलाब हा मराठीतला पाहुणा शब्द. फारसीत फूल ते 'गुल', आणि 'गुलाब' म्हणजे त्याचे पाणी, अत्तरदाणीतले. आपण फुलालाच त्याच्या पाण्याचे नाव दिले. म्हणजे झाडाच्या आधी आपल्याकडे वास पोचला, असे म्हणायला हरकत नाही. या शब्दाबरोबर फारसी कवितेचा एक दावाही आला. सादीने 'गुलिस्तां' १२५८ साली लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत त्याचा मित्र बागेतून फुले गोळा करून निघतो, तेव्हा सादी त्याला सांगतो की ही पाच-सहा दिवसांत सुकतील, मी शब्दांची अशी बाग लावतो जिला पानगळीचे भय नाही. दावा भव्य आहे आणि सादीपुरता तो खराही ठरला. पण त्या घटकेपासून कवितेतल्या गुलाबाचा ऋतूशी संबंध तुटला. त्याला काटे उरले, कारण प्रेमात काटे लागतात. बुलबुल उरला, कारण विरहाला गायक लागतो. माळी मात्र गेला, आणि उरला तिथे बहुधा फुले खुडणारा निर्दय म्हणून उरला. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३३ साली 'गज्जलांजलि' प्रसिद्ध केली. त्यांच्या पिढीनंतर मराठी प्रेमकवितेत गुलाब रुळला तो हा, हवामान नसलेला गुलाब.

गंमत अशी की त्याच फारसीतून आलेला दुसरा शब्द मराठी शेतकऱ्याने अगदी निराळा वळवला. 'बहार' म्हणजे वसंत. कवींनी त्याची बहार उडवली. बागाईतदाराने त्याचा बहर केला, आणि तो 'धरायला' सुरुवात केली. मृग बहर, हस्त बहर, आंबे बहर. बहर धरायचा तर आधी झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, मग योग्य वेळी पाणी सोडायचे. कवीचा वसंत आपोआप येतो, बागाईतदाराचा वसंत हिशेब करून, झाडाला काही काळ तहानेले ठेवून आणावा लागतो. एकाच शब्दाचे हे दोन संसार आमच्या भाषाविज्ञानाच्या वर्गात आम्ही कधी शेजारी ठेवले नाहीत, याची आता थोडी लाज वाटते. आपली संतपरंपरा माळ्याला ओळखत होती. ज्ञानदेवांना आदर्श भक्ताचे वर्णन करताना माळी नेईल तिकडे निमूट जाणारे पाणी आठवते, आणि अरणच्या सावता माळ्याला मळ्यातल्या कांदा-मुळ्यातच विठ्ठल भेटतो. पण तो मळा भाजीचा, आणि ते प्रेम देवावरचे. प्रियकर आणि माळी एकाच देहात भेटावेत, असे आपल्याकडे फारसे घडले नाही.

ते घडले एका फ्रेंच पुस्तकात. सेंत-एक्झ्युपेरीचा 'छोटा राजपुत्र' (१९४३) बहुतेकांनी वाचला असेल, निदान त्यातला कोल्हा तरी सर्वांना पाठ असतो. आम्हाला त्यातली गुलाबाची काळजी अधिक मोलाची वाटते. ती गुलाबीण गर्विष्ठ आहे, तिला वाऱ्याचा झोत सोसत नाही, रात्री गारठा वाटतो, म्हणून राजपुत्र तिच्यासाठी आडोसा उभारतो आणि संध्याकाळी तिच्यावर काचेची हंडी घालतो. पाणी घालतो, सुरवंट मारतो, फुलपाखरांसाठी दोन-तीन तेवढे ठेवतो. ती काचेची हंडी म्हणजे एका झाडाचे पॉलिहाऊसच नव्हे काय? पुढे पृथ्वीवर त्याला पाच हजार गुलाबांची बाग दिसते आणि आपली गुलाबीण एकमेव नाही या दुःखाने तो रडतो. आमच्या गुलाबवाल्याच्या दहा गुंठ्यांत सहा-सात हजार झाडे आहेत. त्याला रडायला सवड नसते.

कोणी म्हणेल, मराठीत ना. धों. महानोर आहेत. मान्य. 'रानातल्या कविता' (१९६७) आल्या तेव्हा शेत आणि शृंगार एकाच ओळीत आले, आणि ते पळसखेडच्या मातीतून आले. पण ते रान जोंधळ्याचे, पावसाची वाट पाहणारे. तिथले प्रेमही पावसाबरोबर येते, बाजाराच्या तारखेवर नव्हे. त्यानंतर आमच्या अभ्यासक्रमांनी जे केले त्याचा दोष महानोरांना देता येणार नाही. आम्ही प्रेमकविता एका प्रश्नपत्रिकेत टाकली आणि ग्रामीण साहित्य दुसऱ्या. पहिलीत गुलाब आहे, थंडी नाही. दुसरीत थंडी आहे, कर्ज आहे, दुष्काळ आहे, पण प्रेम आले तर ते बळी जाण्यापुरते. सदानंद देशमुखांची 'बारोमास' (साहित्य अकादमी पुरस्कार, २००४) आम्ही शिकवतो ती शेतीच्या शोकांतिकेची कादंबरी म्हणून. एकनाथ आणि अलका यांच्या मोडत गेलेल्या संसाराची कादंबरी म्हणून ती शिकवली तर प्रश्न किती बदलतात, हे कोणी करून पाहावे.

आता तो गुलाबवाला. तो आमचा माजी विद्यार्थी, मराठी घेऊन बी. ए. झालेला. कर्ज काढून पॉलिहाऊस टाकले, चार वर्षांत बरे चालवले. एका हिवाळ्यात त्याच्याकडे मुलीकडची मंडळी घर पाहायला आली. चहा-पोहे झाले, मंडळी पॉलिहाऊसमध्ये फिरली, लाल ताटव्यापुढे उभे राहून मोबाइलवर छायाचित्रे झाली, निघताना प्रत्येकीच्या हाती वीस-वीस फुलांची जुडी दिली. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. हे असे त्याच्या बाबतीत तिसऱ्यांदा घडले. "सर," तो आम्हाला म्हणाला, "माझी फुलं जगात सगळ्यांची लग्नं जमवतात, माझं तेवढं राहिलंय." विनोद म्हणून ठीक आहे. आम्ही हसलो नाही.

हे त्याचे एकट्याचे दुखणे नाही. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये अविवाहित तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. बातमी हशासाठी छापली गेली. पण मोर्चाची एक मागणी गर्भलिंगनिदानाच्या बंदीची कडक अंमलबजावणी व्हावी ही होती, आणि ती हसण्यासारखी नव्हती. मुली जन्मू दिल्या नाहीत, आणि ज्या जन्मल्या त्यांना शेतावर यायचे नाही.

इथे आम्हाला आमच्या विद्यार्थ्याचीही बाजू सोडावी लागते. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलीला लोभी ठरवण्याची एक सोपी रीत आपल्याकडे पडली आहे. नाटकांत, चित्रपटांत, समाजमाध्यमांवरच्या विनोदांत ती दिसते. पण ही मुलगी बहुधा शेतकऱ्याचीच असते. पहाटेच्या गारठ्यात ओल्या पानांतून हात घालून दांड्या कोण कापते, काट्यांनी बोटे कोणाची फाटतात, दांडीची लांबी मोजून प्रतवारी कोण लावते, आणि त्यानंतर घरी जाऊन चूल कोण पेटवते, हे तिने आईच्या हातांवर पाहिलेले असते. तिच्या नकारात थंडीचे जितके ज्ञान आहे तितके आमच्या सगळ्या प्रेमकवितांच्या संग्रहांत मिळून नसेल. ग्रामीण साहित्याने शेतकऱ्याचे दुःख सांगितले, बैलाचे सांगितले, विहिरीचे सांगितले. या नकाराची कादंबरी अजून यायची आहे, आणि ती त्या मुलीनेच लिहावी अशी आमची इच्छा आहे. पुरुषाने लिहिली तर तो पुन्हा त्या जुडीचीच गोष्ट सांगेल, जशी आम्ही आत्ता सांगितली.

असो. त्याच हिवाळ्यात थंडी लांबली आणि त्याचा बहर मागे पडला. १४ तारीख गेली, भाव कोसळले, आणि बाग त्यानंतर उमलली. त्याचा फोन आला : "सर, सत्तावीसला मराठी दिन करता ना कॉलेजात? फुलं हवीत का? पैसे नकोत." आम्ही हो म्हटले. तो स्वतःच टेम्पो घेऊन आला. कुसुमाग्रजांच्या तसबिरीपुढे इतके गुलाब आमच्या सभागृहाने कधी पाहिले नव्हते. व्याख्यान 'पृथ्वीचे प्रेमगीत' या कवितेवर होते आणि वक्ते जरा लांबले. संपल्यावर एक विद्यार्थिनी पुढे आली, एक फूल उचलून तिने निरखले, आणि पाकळ्यांच्या कडा काळ्या का आहेत असे आम्हाला विचारले. आम्ही मागच्या रांगेकडे बोट दाखवले. तिथे तो उभा होता, आणि रात्रीचे तापमान किती खाली गेले की असे होते, हे तिला सांगू लागला.