हलक्या हाताचे स्कोन

आपल्याकडील एकत्र कुटुंबांत एक गोष्ट अजूनहि वारंवार पाहावयास मिळते. पोळ्या, थालीपीठें, घावन यांची गोडी तव्यावरून पानांत पडण्यांतच असते. म्हणून करणारी तव्यापाशीं उभी राहते आणि सर्वांचें आटोपल्यावर, निवलेलें अन्न घेऊन एकटीच पानावर बसते. स्कोन या पाश्चात्य पदार्थाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें आमचें मुख्य कारण हेंच आहे. सोळा स्कोन ओव्हनमधून एकदम बाहेर येतात आणि करणारीसह सारें घर एका वेळीं गरम गरम खाऊं शकतें. शिवाय त्यांत अंडें घालावेंच लागतें असें नाहीं; त्यामुळें वडील मंडळींचीहि अडचण राहत नाहीं.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. गॅव्हिन डग्लस या स्कॉटिश कवीनें १५१३ सालीं पूर्ण केलेल्या ‘ईनिड’च्या भाषांतरांत हा शब्द आढळतो. तेथें तो जाड लोखंडी तव्यावर भाजण्याची रीत जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून त्यांनीं १८४३ मध्यें बेकिंग पावडर तयार केली. आजचा स्कोन फुगतो तो अशाच पावडरीमुळें.

सोळा स्कोनांसाठीं ४५० ग्रॅम मैदा, ६ सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर, ५० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, १०० ग्रॅम थंड लोणी आणि सुमारें ३०० मिलिलिटर थंड दूध घ्यावें. बाजारांतील लोणी खारें असल्यास निराळें मीठ घालूं नये. घरचें लोणी पाणी नीट निथळून, फ्रिजमध्यें घट्ट करून मगच वापरावें.

करंजीला आपण कडकडीत तुपाचें मोहन घालतों. येथें रीत अगदीं उलट. मैदा, पावडर, साखर, मीठ एकत्र चाळून त्यांत लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनीं, रवाळ दिसेपर्यंत चोळावे. तळहात लावूं नये, कारण त्याच्या उष्णतेनें लोणी वितळतें. लोण्याचे बारीक कण तसेच राहिले, तर ओव्हनमध्यें त्यांतील पाण्याची वाफ होऊन स्कोन हलका होतो.

नंतर अडीचशे मिलिलिटर दूध एकदम ओतून सुरीनें कालवावें. लागेल तसें उरलेलें घालावें. गोळा किंचित् चिकट असावा. कणीक मळण्याची आपल्या हातांना संवय असते, आणि पहिले स्कोन बिघडतात ते बहुधा तिनेंच. मैद्याला ओल लागून तो मळला गेला, कीं त्यांत ग्लुटेनचे चिवट धागे तयार होतात. पोळीला ते हवे असतात, स्कोनला नकोत. म्हणून चार-सहा वेळां हलकेंच दाबून गोळा एकत्र येतांच थांबावें.

गोळा एक इंच जाडीचा थापून धारदार सुरीनें वड्यांसारखे चौकोन पाडावे. सुरी सरळ खालीं दाबावी, ओढूं नये. कडा चिरडल्या तर स्कोन वांकडा फुगतो. वर दुधाचा हात फिरवावा, पण कडांवरून ओघळूं देऊं नये. ओल लागतांच पावडरींतून वायु सुटूं लागतो, यास्तव ओव्हन आधींच २२० अंश सेल्सिअसवर तापलेला असावा. स्कोन जवळजवळ मांडून बारा ते पंधरा मिनिटें भाजावे. पावडर जुनी असल्याची शंका आल्यास चमचाभर गरम पाण्यांत टाकून पाहावी. जोरानें फसफसली नाहीं तर ती निकामी समजावी.

ओव्हन नसेल त्यांनीं अर्धा इंच जाडीचे स्कोन जाड तव्यावर, मंद आंचेवर, दोन्ही बाजूंनीं भाजावे. हीच स्कॉटलंडची जुनी रीत.

इंग्लंडांत डेव्हनचे लोक स्कोनवर आधीं घट्ट साय लावतात व मग जॅम. कॉर्नवॉलचे लोक आधीं जॅम. दोघेहि आपलें सोडीत नाहींत! आपल्या घरची दाट साय आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा मुरंबा असल्यावर कोणत्याहि पक्षाला जावें.

लोणी चोळण्यापर्यंतची तयारी सकाळींच करून फ्रिजमध्यें ठेवतां येते. चहाच्या वेळीं केवळ दूध घालून भाजणें उरतें. मात्र स्कोन तयार होतांच करणारीनें वाढीत उभें राहूं नये. टोपली मध्यें ठेवावी, ज्यानें त्यानें आपापला घ्यावा, आणि तिनें पहिल्या पंक्तींतच बसावें. पुरुषमंडळींपैकीं कोणी तेवढ्यांत चहा गाळला, तर आमची हरकत नाहीं.