एका आकड्यात न मावणारा सांगाडा

सप्टेंबर २०१९ मध्ये हरियाणातील राखीगढीचे जनुकीय संशोधन प्रसिद्ध झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ अस्थिनमुने तपासले. उपयोगी डीएनए मिळाला तो एकाच स्त्रीचा. देशभर वाद रंगला तो आर्यांच्या प्रश्नावर. ज्या हाडाने तो डीएनए साडेचार हजार वर्षे जपला, त्याची दखल क्वचितच घेतली गेली. अंतर्कर्णाला वेढणारे, कवटीच्या तळाशी असलेले हे हाड शरीरातील सर्वांत घट्ट हाडांपैकी एक आहे.

या घट्टपणामागील कारण जिवंत माणसांच्याही कामाचे आहे. हाड सतत झिजवले जाते आणि नव्याने बांधले जाते. सच्छिद्र हाडाचा सुमारे २५ टक्के भाग दरवर्षी बदलतो. बाहेरच्या घट्ट हाडाचा जेमतेम तीन टक्के. नव्या ऊतीत खनिज कमी असते, जुन्या ऊतीत ते साचत जाते. अंतर्कर्णाभोवतीचे हाड बालपणानंतर जवळजवळ बदलत नाही, म्हणून ते दगडासारखे होते. मणक्यात सच्छिद्र भाग अधिक, म्हणून तेथील ऊती तुलनेने कोवळी आणि मऊ. नडगीच्या दांड्याची ऊती त्याहून बरीच कठीण. सांगाडा एकच, पण त्याचे साहित्य जागोजागी निराळे.

वैद्यकीय व्यवहारात मात्र हाडांचे आरोग्य बहुधा एका आकड्यात सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेली उणे २.५ ही सीमा आजही प्रमाण मानली जाते. ती उपयुक्त आहे. पण डेक्सा तपासणी दर चौरस सेंटिमीटरमागील खनिज मोजते, ऊतीची कठीणता नव्हे. वृद्धेच्या मणक्यात बसवलेला स्क्रू सैल झाला, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि वेदना तिच्याच वाट्याला येतात. स्क्रूची पकड घनतेवर अवलंबून असते, तशीच ती त्या जागेच्या ऊतीवरही असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीयांसाठी अस्थिघनतेची संदर्भमूल्ये दिली. पुढचे पाऊल कठीणतेच्या नकाशाचे असायला हवे: हाडानुसार, वयानुसार, लिंगानुसार. हिऱ्याचे टोक दाबून उमटलेली खूण मोजणारे विकर्स यंत्र धातुशास्त्राच्या प्रयोगशाळांत नेहमीचे आहे. देहदानातून, रीतसर संमतीने मिळालेले ताजे नमुने वैद्यकीय महाविद्यालयांनी या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचवावेत आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत.

कठीणता म्हणजे बळकटी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. अति खनिजयुक्त हाड ठिसूळही असते. पण म्हणूनच एका आकड्यावर विसंबणे अधिक धोक्याचे ठरते. राखीगढीतील त्या स्त्रीच्या एका हाडाने इतिहासाला उत्तर दिले. आजच्या रुग्णाच्या प्रत्येक हाडाला निदान वेगळा प्रश्न विचारला जावा.